एका तारखेचे बिऱ्हाडकरू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या जिन्याजवळच्या फळ्यावर वरती पाणी येण्याची वेळ असते, मधे मेंटेनन्सची थकबाकी असते आणि खाली दिनविशेष असतो. थकबाकी सगळे चवीनं वाचतात. दिनविशेष मात्र कुणी फारसा वाचत नाही. म्हणून कमिटीनं दिलेल्या पंधरा मिनिटांत मी त्या शेवटच्या ओळीवर बोलणार आहे.

मुलं विचारतात, एकाच तारखेला एवढ्या मोठ्या गोष्टी कशा काय घडतात? उत्तर सोपं आहे. लीप वर्ष धरून तारखा फक्त 366 आणि घटना लाखो. खोल्या कमी, बिऱ्हाडं जास्त. मग एका खोलीत दाटी होणारच. गणितवाले सांगतात, कुठलीही 23 माणसं एकत्र आली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. 57 माणसं असली तर ती 99 टक्क्यांवर जाते. आज या मांडवात त्याहून कितीतरी जास्त माणसं आहेत. जेवणाच्या पंगतीत शेजाऱ्याला तारीख विचारून बघा.

म्हणजे तारीख एक आली, यात चमत्कार नाही. पण एका तारखेखाली राहणाऱ्या या बिऱ्हाडकरूंचा एकमेकांशी काही संबंध असतो का?

आपल्या जिव्हाळ्याची तारीख घेऊ, 26 जून. 1874 साली या दिवशी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. महाराष्ट्रात हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. 1945 साली याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत 50 देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या केल्या, त्यात भारतही होता. आणि 1975 साली याच दिवशी सकाळी आकाशवाणीवरून इंदिरा गांधींनी देशात आणीबाणी लागू झाल्याचं सांगितलं. हुकमावर राष्ट्रपतींची सही आदल्या रात्री झाली होती, लोकांना कळलं 26 तारखेला. न्यायाचा राजा, जगाच्या शांततेची सनद आणि आणीबाणी, सगळे एकाच मजल्यावर! यांचा एकमेकांशी संबंध काही नाही. दार लावून राहणारे शेजारी असतात ना, तसे.

पण त्याच मजल्यावर आणखी एक दार आहे. 26 जून 1888 ला नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व जन्मले. महाराजांपेक्षा बरोबर 14 वर्षांनी लहान. या दोन शेजाऱ्यांची मात्र खरीखुरी ओळख होती. मुलाचा गळा दैवी, पण कानाचं दुखणं. महाराजांनी त्याला मिरजेला उपचारासाठी पाठवलं, आणि पुढं तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला त्यामागंही महाराजांचा आधार होता. महाराजांनी त्याची जन्मतारीख बघितली नव्हती, गळा ऐकला होता. तारीख जुळली हा योगायोग. हात दिला, तो योगायोग नव्हे.

काही वेळा तारीख माणसं मुद्दाम जुळवतात. आपली राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली गेली. ती पूर्णपणे अमलात आणायला दोन महिने थांबले, कारण 26 जानेवारी 1930 ला देशानं पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती. ते बिऱ्हाड रिकामं पडू नये म्हणून प्रजासत्ताकाला त्याच पत्त्यावर आणलं.

आता ज्या तारखेसाठी खरं तर मी आज उभा आहे, ती तारीख. 9 ऑगस्ट.

मुंबईत 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला, 9 तारखेच्या पहाटे गांधीजी आणि बाकीचे पुढारी पकडले गेले, आणि लोकांनीच चळवळ हातात घेतली. 1945 साली 9 ऑगस्टला सकाळी नागासाकीवर अणुबाँब पडला. आणि त्याआधी, 9 ऑगस्ट 1890 ला, आपल्या कोल्हापुरात केशवराव भोसले जन्मले. संगीतसूर्य! 'ललितकलादर्श' काढली, 1921 च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं. हे धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं 31.

महाराज 1902 साली युरोपला गेले, तिथली थिएटरं आणि आखाडे बघून आले. 1912 साली खासबाग मैदान झालं आणि 1915 साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं. कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून! पुढं त्याच थिएटरला केशवरावांचं नाव दिलं. आपल्यातल्या किती जणांनी पहिलं नाटक तिथं बघितलं, किती पोरांनी शाळेच्या गॅदरिंगला तिथं पाय थरथरत एंट्री घेतली, हे मी सांगायला नको.

ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. आपल्या गच्चीवर त्या रात्री कितीतरी जण उभे होते. कुणी बोलत नव्हतं. सकाळी रंगकर्मी तिथं जमले, रडत जमले. तारखेनं क्रूर थट्टा केली असं तेव्हा सगळेच म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पण आता वाटतं, आगीला तारीख कळत नाही. ज्या माणसांना केशवरावांची जयंती पाठ होती, त्यांनाच तो घाव दुप्पट बसला. आणि वास्तू पुन्हा उभी राहिलीच पाहिजे म्हणून आग्रह धरणारेही तेच. ज्याला तारीख आठवत नव्हती, त्याच्यासाठी ती शहरात लागलेली एक आग होती.

याच तारखेचं अजून एक बिऱ्हाड आहे, आपल्याच घरातलं. 9 ऑगस्ट 2019. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, नळाला पाणी नाही, दूध-पेट्रोलला रांगा. आपल्या याच हॉलमध्ये पूरभागातले नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीचे मुक्कामाला होते. कुणी टँकर मिळवला, कुणी गाद्या उतरवल्या, आणि एरवी पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन घरांनी मिळून सगळ्यांचा मसालेभात केला. कुठल्याच दिनविशेषात हे छापून येणार नाही. आपण लिहिलं नाही तर ते आपल्याबरोबर संपेल.

तेव्हा कमिटीला माझी एक विनंती आहे. फळ्यावरचा दिनविशेष मोबाईलवर आलेल्या मेसेजवरून उतरवू नका. त्यात कुणाचीही जयंती कुठल्याही दिवशी येते. पुस्तकात ताडून बघा, मग लिहा. आणि एक वही करा. पहिलं बिऱ्हाड कधी राहायला आलं, लिफ्ट कधी लागली, पुरात कोण कोण आलं, कोण गेलं, कुणाची नात इथंच चालायला शिकली. जुन्या सभासदांना विचारून तारखांसकट लिहा. ज्यांना आठवतं ते अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे. हे काम पोरांवर सोपवा, ते चहाच्या कपावर माहिती काढून आणतील.

6 मे 2022 ला, शाहू महाराजांच्या जाण्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, हे गाव सकाळी 10 वाजता 100 सेकंद थांबलं होतं. रिक्षा थांबल्या, दुकानदार पायरीवर आले. कॅलेंडरमध्ये तो एक साधा शुक्रवार होता. माणसं थांबली म्हणून तो दिवस वेगळा झाला.

पंचवीस वर्षं पूर्ण झाली, आता पन्नाशीकडे निघूया. त्या कार्यक्रमाला ही वही व्यासपीठावर असू दे, एवढीच इच्छा. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. पोरं आता फारच चुळबुळ करायला लागलीत, त्यामुळं इथंच थांबतो.