कार्यालयीन सहयोगाची आज्ञावली : मोफत, मुक्त आणि सशुल्क



कार्यालयाचा कारभार पूर्वी आवक-जावक नोंदवही, टपालाची पिशवी आणि अभिलेखकक्ष यांच्या आधारे चालत असे. आज त्यांतील बरीचशी कामे सर्व्हरवर बसविलेल्या सहयोग-आज्ञावलीकडे आली आहेत. कर्मचाऱ्यांचे ई-टपाल, बैठकांचे सामाईक वेळापत्रक, अनेकांनी मिळून हाताळावयाच्या फायली आणि परस्परांतील संदेश यांची एकत्र व्यवस्था लावणारी ही आज्ञावली होय. ती विनाशुल्क घ्यावी की पैसे मोजून, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. वस्तुतः कार्यालयाचे दप्तर कोणाच्या हाती राहणार, असा तो प्रश्न आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिकाच्या अर्जास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कराराची मुदत संपली, सर्व्हर बंद पडला किंवा जाणता कर्मचारी बदलून गेला, ही कारणे त्या नागरिकाच्या उपयोगाची नाहीत.

मोफत आणि मुक्त

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे अगत्याचे आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून मुक्त आज्ञावलीची चळवळ उभी राहिली. इंग्रजीत विनामूल्य आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थी एकच शब्द वापरला जात असल्याने तेथे पुष्कळ गैरसमज झाले. मराठीत मात्र ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि भेदही नेमका तेथेच आहे. जिची मूळ संहिता कोणासही पाहता, तपासता, बदलता व इतरांस देता येते, ती मुक्त आज्ञावली. जिच्यासाठी पैसे पडत नाहीत, ती मोफत. एखाद्या कंपनीची मोफत टपालसेवा मुक्त असेलच असे नाही. उलट मुक्त आज्ञावलीसाठी देखभालीचा सशुल्क करार करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्यानुसार अशा आज्ञावलीस प्राधान्य द्यावयाचे असून, ती वगळावयाची असल्यास पुरवठादाराने कारण द्यावयाचे आहे. त्याचबरोबर क्षमता, सुरक्षितता, धोरणात्मक नियंत्रण, संपूर्ण आयुर्मानातील खर्च आणि साहाय्याची गरज या बाबींची तुलना करून निर्णय घ्यावा, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजेच केवळ परवान्याची किंमत पाहून निवड करणे धोरणासही मान्य नाही.

एका जर्मन राज्याचा अनुभव

या तुलनेचे अलीकडचे मोठे उदाहरण जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याचे आहे. तेथील शासनाने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावलीऐवजी लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. पाठोपाठ टपालाची पाळी आली. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवरील ४०,००० हून अधिक टपालखाती ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्त आज्ञावलींवर नेण्याचे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाले. दहा कोटींहून अधिक पत्रे व वेळापत्रकातील नोंदी या प्रवासात हलविण्यात आल्या.

हे काम विनासायास झाले नाही. स्थलांतराच्या काळात कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि त्यांची दखल मंत्र्यांना घ्यावी लागली. खर्चाचा हिशेबही बोधप्रद आहे. परवान्यांवरील दीड कोटी युरोंहून अधिक रक्कम वाचेल असे सांगताना, २०२६ मध्ये सुमारे ९० लाख युरो एकवेळची गुंतवणूक म्हणून लागतील, हेही त्या शासनाने सांगितले. वाचलेल्या पैशातील मोठा भाग बदल घडविण्यासाठी आणि आज्ञावली सुधारण्यासाठी बाजूला काढावा लागतो, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही.

जर्मनीतीलच म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये मुक्त आज्ञावलीचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. परंतु २०१७ मध्ये तेथील परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. राजकीय पाठबळ आणि संघटनात्मक सातत्य नसेल, तर तांत्रिक यशही टिकत नाही, हा त्याचा अर्थ.

दोन्ही बाजूंचे धोके

मोफत मिळणारी वस्तू सदैव तशीच मिळत राहील, असे गृहीत धरता येत नाही. झिंब्रा ही टपाल व सहयोगाची आज्ञावली अनेक संस्थांनी विनाशुल्क बसविली होती. तिच्या नवव्या आवृत्तीपासून कंपनीने मुक्त आवृत्तीचे तयार संच देणे थांबविले आणि आठव्या आवृत्तीच्या अखेरच्या संचाची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली. मूळ संहिता उपलब्ध राहिली, पण तिच्यापासून संच तयार करणारे हात ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांना त्या स्वातंत्र्याचा फारसा उपयोग झाला नाही.

पैसे मोजल्याने धोका टळतो, असेही नाही. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधील गंभीर त्रुटींवरील दुरुस्त्या २ मार्च २०२१ रोजी जाहीर झाल्या, तेव्हा संस्थांच्या स्वतःच्या आवारातील असंख्य सर्व्हर हल्लेखोरांच्या तडाख्यात सापडले होते. युरोपियन बँकिंग ऑथॉरिटीला आपली टपालव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. परवाना विकत घेता येतो. दुरुस्ती वेळेवर बसविण्याची दक्षता कार्यालयालाच घ्यावी लागते.

खर्चाचे खरे लेखाशीर्ष

शासकीय कार्यालयात एक अडचण हमखास उद्भवते. विकत घेतलेल्या वस्तूला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष असते, तिच्या वार्षिक देखभालीचा करार होतो, मुदत संपण्यापूर्वी स्मरणपत्र येते. मोफत घेतलेल्या आज्ञावलीला यांपैकी काहीच नसते. एखादा उत्साही कर्मचारी ती बसवितो, दोन वर्षे निगा राखतो आणि मग त्याची बदली होते. त्यानंतर परवलीचा शब्दही कोणास ठाऊक नसतो. हा दोष आज्ञावलीचा नव्हे, व्यवस्थेचा होय. म्हणून मुक्त आज्ञावली निवडताना देखभाल, प्रशिक्षण, साठवण आणि राखीव प्रती यांसाठी पहिल्याच वर्षी तरतूद झाली पाहिजे. ती करता येत नसेल, तर विश्वासार्ह सशुल्क सेवा घेणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. केंद्र शासनाने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची टपालखाती झोहो या भारतीय कंपनीच्या सशुल्क मंचावर नेली. मात्र टपालाच्या पत्त्यांची शासकीय नावे कायम ठेवली. सेवा बाहेरची असली तरी पत्ता आपला राहावा, हे सूत्र लहान संस्थांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

निर्णयापूर्वी

निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने पुढील गोष्टी लेखी नमूद कराव्यात.

१. पाच वर्षांचा एकूण खर्च : परवाना, यंत्रसामग्री, मनुष्यबळ, प्रशिक्षण आणि स्थलांतर यांसह.

२. दुरुस्त्या कोण बसविणार, आणि ती व्यक्ती बदलून गेल्यास तिची जागा कोण घेणार.

३. करार संपल्यावर सर्व पत्रे, वेळापत्रके व फायली सर्वमान्य खुल्या स्वरूपात परत मिळतील काय. हे कलम करारात असावे आणि एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

४. राखीव प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जाते काय, आणि तीवरून दप्तर पुन्हा उभे करण्याची चाचणी झाली आहे काय.

५. मराठी मजकूर, मराठी नावांच्या फायली आणि मराठीतून शोध नीट चालतो काय. काही मोजक्या कर्मचाऱ्यांकडून महिनाभर प्रत्यक्ष काम करवून हे तपासावे.

ग्रामपंचायतीने किंवा एकट्या शाळेने स्वतःचा सर्व्हर चालविण्याच्या भरीस पडू नये. वीज, सुरक्षितता आणि कुशल माणूस या तिन्ही गोष्टी तेथे सदासर्वकाळ मिळणे कठीण. अशा संस्थांनी जिल्हा वा राज्य पातळीवरील सामाईक व्यवस्थेचा लाभ घ्यावा. पण ग्रामसभेचा पत्रव्यवहार कोणाच्या खाजगी टपालखात्यात साठू देऊ नये, एवढी काळजी तर आजच घेता येईल. सरपंच बदलतो, मुख्याध्यापक निवृत्त होतो. दप्तर मात्र गावाचे आणि शाळेचे असते.

परवाना मुक्त असो वा सशुल्क, दप्तराच्या किल्ल्या संस्थेपाशी असाव्यात आणि त्या सांभाळणारा माणूस नेमलेला असावा. ज्या निर्णयात या दोन्ही गोष्टी साधतात, तो निर्णय योग्य. ज्यात त्या साधत नाहीत, तो फुकटातही महागच पडतो.