वर्गातील दुखरा कान
(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



चाकणहून पिंपरी काही दूर नाही. तेथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्या देशात तयार होऊ लागले. आता त्याच कुळातील औषधे घरोघरी फळीवर उरलेली सापडतात.

या भागातील एका शाळेत तपासणीस गेलो असता तिसरीतील एक मुलगा 'लक्षच देत नाही' असे गुरुजींनी सांगितले. मुलगा शेवटच्या रांगेत, डाव्या कानात कापसाचा बोळा. वडील कारखान्यात रोजंदारीवर. दवाखान्यासाठी खाडा करावा तर रोज बुडतो. म्हणून थोरल्या भावाच्या आजारातून उरलेल्या चार कॅप्सूल त्याला दिल्या होत्या. ठणका थांबला, औषध संपले, आणि पू पुन्हा वाहू लागला. वर्गावर असताना अशा मुलांना मीही 'ढ' म्हटले आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

कान ठणकला की प्रतिजैविक हवेच, हा समज खरा नव्हे. दोन वर्षांवरील सशक्त मुलाचे दुखणे सौम्य असेल, ताप फार नसेल व कान वाहत नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा केवळ वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहतात. अशी बहुतेक दुखणी आपोआप ओसरतात. विषाणूंवर तर प्रतिजैविकाची मात्रा चालतच नाही. सहा महिन्यांच्या आतील बालक, जोराचा ताप, असह्य वेदना किंवा नुकताच फुटलेला कान, येथे मात्र ते बहुधा द्यावे लागते, आणि सांगितले तितके दिवस पुरते. दोन आठवड्यांहून अधिक वाहणाऱ्या कानाचा उपचार निराळा. तेथे कान कोरडा ठेवणे व कानात घालावयाचे थेंब यांवर भर असतो. कानामागे सूज आली किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा निवाडा डॉक्टरांचा. आपला नव्हे, आणि दुकानदाराचाही नव्हे. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, हा इशारा पेनिसिलीनचे शोधक फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात दिला होता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा कान वाहणाऱ्या मुलांची नावे तयार ठेवावीत. मात्र पथकासाठी महिना घालवू नये. मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास पालकांस सांगावे. पालक परप्रांतीय असल्यास मराठी चिठ्ठीचा उपयोग नाही, त्यांच्या भाषेचा शेजारी गाठावा. कानात तेल वा लसणाचा रस घालू नये, हेही त्याच वेळी सांगावे. आणि मुलाला पहिल्या रांगेत, चांगला कान आपल्याकडे येईल असे बसवावे.