परवाना हातीं आल्यानंतर

यवतमाळ शहराबाहेर भारी या गांवीं एक धावपट्टी आहे. नियमित प्रवासी वाहतुकीचा योग तिच्या वांट्याला फारसा आला नाहीं. मुंबईहून नागपूरकडे जाणारीं विमानें वऱ्हाडाच्या आकाशांतून उंचावरून निघून जातात आणि पऱ्हाटीच्या शेतांत उभीं असलेलीं मुलें मान वर करून त्यांच्याकडे पाहतात, एवढाच या जिल्ह्याचा विमानाशीं पुष्कळ वर्षांचा संबंध. अलीकडे मात्र ही स्थिति पालटूं लागली आहे. यवतमाळच्याच रस्त्यावर, बडनेऱ्यानजीक असलेल्या बेलोरा येथील विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२४ सालीं, एअर इंडिया कंपनीनें तेथें वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढण्याचें जाहीर केलें. गोंदियाजवळ बिरसी येथें तर अशी संस्था त्याच्या कितीतरी आधीं निघाली होती. साहजिकच यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा या गांवांतील सुशिक्षित घरांत डॉक्टर व इंजिनिअर यांच्या जोडीनें 'वैमानिक' हा शब्द आतां ऐकूं येतो.

या बोलण्यांत एक गोष्ट बहुधा सुटून जाते. शाळेंत दाखल होण्याविषयीं, फीविषयीं आणि परवान्याविषयीं चौकशी होते. परवाना हातीं आल्यानंतर काय, याची होत नाहीं. वकिलीची सनद मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशीं पक्षकार दारीं येत नाहींत, हें घरोघर ठाऊक असतें. विमानाच्या बाबतींत मात्र परवाना म्हणजेच नोकरी, अशी समजूत दृढ झाली आहे. वस्तुतः सरकार परवाना देतें तें 'हा मनुष्य विमान चालवूं शकतो' एवढें सांगण्यापुरतें. दीडशेंदोनशें उतारूंचे प्राण त्याच्या स्वाधीन करावे कीं नाहीं, हें कंपनी ठरविते, आणि तें ठरविण्याचें साधन म्हणजे मुलाखत.

या दोन गोष्टींतील अंतर किती मोठें असूं शकतें, याचें उदाहरण या प्रांताच्या शेजारींच सांपडतें. १९४९ च्या जानेवारींत नागपूर हें रात्रीच्या हवाई टपालाचें केंद्र झालें. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून निघालेलीं डाकोटा विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि पुन्हा आपापल्या शहराकडे परतत. युद्ध नुकतेंच संपलेलें, लष्करानें काढून टाकलेलीं विमानें स्वस्तांत मिळणारीं, आणि नव्या कंपन्या पावसाळ्यांतील अळंब्यांप्रमाणें उगवलेल्या, असा तो काळ होता. वैमानिक सर्वांनाच हवे होते. तरीहि प्रेम माथुर नांवाच्या बाईंनीं १९४७ मध्यें अलाहाबादेस व्यावसायिक परवाना मिळविला, तेव्हां त्यांना आठ कंपन्यांनीं नकार दिला, असें सांगतात. परवान्यांत उणें कांहींच नव्हतें; विमान बाई चालवीत आहे असें कळलें तर उतारू घाबरतील, एवढेंच कारण. शेवटीं पैनगंगेपलीकडील निजामाच्या राजधानींतून, हैदराबादच्या डेक्कन एअरवेजकडून, त्यांना बोलावणें आलें आणि सहवैमानिकाची जागा मिळाली. १९४९ सालीं राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनींच जिंकली.

तो नकार देणाऱ्यांचीं नांवें आज कोणाच्या स्मरणांत नाहींत, हें ठीकच झालें. १९८५ च्या नोव्हेंबरांत कप्तान सौदामिनी देशमुख व त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनीं फॉकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलें, तेव्हां त्या विमानांतील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. भारतांतील वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण आज शेंकडा पंधराच्या आसपास आहे व तें जगांतील बहुतेक देशांहून अधिक आहे. तेव्हां 'मुलगी आहे, तिला कोण घेईल?' हा प्रश्न निदान या धंद्यापुरता तरी घरांतल्यांनीं विचारूं नये.

आतां परवान्याविषयीं थोडें. सर्वांत आधीं प्रकृति. विज्ञान शाखेंतील मुलगा फी भरून मोकळा होतो आणि मग सरकारी यादींतील वैद्यापुढें उभा राहतो, हा क्रम उलटा आहे. पैसा भरण्यापूर्वींच तपासणी करून घ्यावी. पहिल्या वर्गाच्या तपासणींत न टिकणारा उमेदवार पुढें कितीहि कुशल झाला तरी त्याचा उपयोग नाहीं. चष्मा असला म्हणून बिघडत नाहीं. चष्म्यानें दृष्टि नियमानुसार होत असली म्हणजे झालें. परंतु तांबड्या व हिरव्या रंगांतला फरक न ओळखणारा डोळा येथें चालत नाहीं. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोंकास तांबडा व उजव्या टोंकास हिरवा दिवा असतो, आणि विमान योग्य उतारानें खालीं येत आहे कीं नाहीं हें धावपट्टीशेजारील दिवे तांबड्यापांढऱ्या रंगांनींच सांगतात. पुष्कळांना आपल्या डोळ्यांतला हा दोष विशीपर्यंत ठाऊकच नसतो.

त्यापुढें हवामानशास्त्र, दिशाशोधन, हवाई कायदा, यंत्रविषयक ज्ञान आणि बिनतारी संभाषण यांच्या परीक्षा होतात. निदान २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यांतील १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः उमेदवारावर असते, आणि एकदां तरी ३०० सागरी मैलांचा प्रवास, वाटेंत दोन परक्या विमानतळांवर उतरून, करावा लागतो. हे तास एका नोंदवहींत लिहिले जातात. त्या वहीची गोष्ट पुढें येईलच.

मुलाखतीच्या दिवशीं उमेदवारास काय विचारतात? प्रथम लेखी परीक्षा असते. मग यंत्रावर बसवून हात, डोळे व बुद्धि एकाच वेळीं किती कामें संभाळतात तें पाहतात. कित्येक कंपन्या चार-सहा उमेदवारांना एकत्र बसवून एखादा प्रश्न सोडवावयास देतात आणि कोण कसा बोलतो, कोण ऐकतो, याची टिपणें करतात. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरील कृत्रिम विमानकक्ष. त्यांत बसवून उड्डाणहि करवितात. या सर्वांतून जो पार पडला, तो अनुभवी वैमानिकांच्या मंडळासमोर येतो.

मंडळाचे प्रश्न साधे असतात. म्हणूनच ते फसवितात. ज्या लहान विमानावर उमेदवार शिकला, त्याच्याबद्दलच पहिल्यानें विचारतात. बाहेर हवा चांगली ऊबदार असतां कार्ब्युरेटरमध्यें बर्फ कां जमतें? ज्यानें पाठ केलें असेल तो 'दमट हवेमुळें' म्हणून थांबतो. ज्याला समजलें असेल तो सांगतो कीं अरुंद नळींतून जातांना हवा विरळ होऊन गार पडते, पेट्रोलची वाफ होतांना आणखी उष्णता शोषली जाते, आणि अशा रीतीनें बाहेरच्या हवेहून पुष्कळ अंश कमी तपमान तेथें उत्पन्न होतें. ढग, वादळ, इंधनाचा हिशेब, एक इंजिन बंद पडलें असतां करावयाचीं कामें, सर्व याच पद्धतीनें. येत नसेल तर 'येत नाहीं' म्हणावें. अंदाजानें ठोकून दिलेलें उत्तर अज्ञानापेक्षां वाईट ठरतें, कारण विमानांतहि तो मनुष्य असेंच करील अशी मंडळाची खात्री होते.

मराठी माध्यमांत शिकलेल्या उमेदवाराला धास्ती असते ती इंग्रजीची. ती कांहीं अंशीं खरी आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें त्या भाषेंतील संभाषणाची ठराविक पातळी गांठावीच लागते. पण येथें साहित्यिक इंग्रजी नको असतें, निःसंदिग्ध इंग्रजी हवें असतें. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यांत दोन प्रचंड जंबो विमानें एकाच धावपट्टीवर आदळलीं व ५८३ माणसें मेलीं. त्यांतील एका विमानानें परवानगी मिळण्यापूर्वींच धांव घेतली होती. आपण निघालों आहों, असें सांगतांना त्याच्या सहवैमानिकानें वापरलेले शब्द असे होते कीं मनोऱ्यावरील अधिकाऱ्यास त्यांचा अर्थ 'आम्ही निघण्यास तयार आहों' असा वाटला. वऱ्हाडी उच्चाराला कोणी हंसेल या भीतीनें पुटपुटणारा उमेदवार, मोठ्यानें व सावकाश बोलणाऱ्या गांवढळ उच्चाराच्या उमेदवारापेक्षां अधिक धोक्याचा.

त्याच अपघातांत आणखी एक गोष्ट घडली होती. समोरचें विमान धावपट्टीवरून दूर झालें आहे ना, अशी शंका त्या विमानाच्या इंजिनिअरनें बोलून दाखविली होती. कप्तान हा कंपनींतील अत्यंत मान्यवर वैमानिक. त्यानें ती शंका उडवून लावली, आणि कक्षांतील कोणीहि पुढें हट्ट धरला नाहीं. तेव्हांपासून जगभर वैमानिकांची निवड करतांना एका गुणाला विशेष महत्त्व आलें आहे. मंडळ विचारतें: 'कप्तान वीस वर्षांचा अनुभवी आहे. विमान उतरत आहे, ठराविक उंची आली, आणि धावपट्टी दिसत नाहीं. कप्तान तरीहि खालीं जात आहे. तूं काय करशील?'

या प्रश्नापाशीं चांगल्या घरचीं मुलें अडखळतात, आणि त्यांत त्यांचा दोष थोडा आहे. थोरांपुढें उलट बोलूं नये, काकांनीं सांगितलें म्हणजे ऐकावें, गुरुजींची चूक चारचौघांत दाखवूं नये, हें त्यांना लहानपणापासून शिकविलेलें असतें, आणि घरांत तें शोभतेंहि. 'साहेबांना नम्रपणें विचारीन,' असें उत्तर येतें. नम्रपणें विचारण्यास तेथें वेळ नसतो. अपेक्षित उत्तर असें: धावपट्टी दिसत नाहीं असें स्पष्ट सांगेन, 'गो अराऊंड' म्हणजे पुन्हा वर चला असें मोठ्यानें म्हणेन, आणि तरीहि कप्तानानें ऐकलें नाहीं तर कंपनीच्या नियमाप्रमाणें विमान आपल्या हातीं घेईन. पाहण्याची गोष्ट अशी कीं उद्धट मुलालाहि हें उत्तर साधत नाहीं. तो पहिल्याच शंकेला भांडण काढील, असें मंडळाला वाटतें. आदर राखून 'नाहीं' म्हणणारा मनुष्य त्यांना हवा असतो, आणि तो मुलाखतीच्या आदल्या रात्रीं तयार होत नाहीं. ज्या घरीं जेवतांना मुलगा वडिलांना 'बाबा, हिशेब चुकला' असें म्हणूं शकतो, तेथें त्याची निम्मी तयारी झालेली असते.

आतां नोंदवही. मंडळ ती उघडतें, मधलेंच एखादें पान काढतें आणि त्या दिवसाच्या उड्डाणाविषयीं विचारतें: कोठून कोठें, वारा कोणत्या दिशेचा होता, काय चुकलें? ज्यानें तो तास खरोखरच आकाशांत घालविला आहे, त्याला आठवतें. २०११ सालीं खोट्या गुणपत्रिकांवर वरच्या दर्जाचे परवाने मिळविलेले कांहीं वैमानिक उघडकीस येऊन अटकेंत गेले, आणि उड्डाणाचे तास फुगवून लिहिणाऱ्या शिक्षणसंस्थेचीहि चौकशी झाली. तेव्हांपासून या वहीकडे अधिक बारकाईनें पाहिलें जातें. 'काय चुकलें?' या प्रश्नाला 'कांहीं नाहीं' असें उत्तर देणारा उमेदवार बहुधा तेथेंच संपतो.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यांत तोच सर्वांत अवघड. परवान्यापर्यंतचा खर्च पन्नास लाख रुपयांच्या घरांत किंवा त्याहूनहि वर जातो. एअरबस किंवा बोइंग यांसारख्या विशिष्ट विमानाचें शिक्षण घ्यावयाचें तर त्याचे आणखी लाखों. बँक तारण मागते. जेथें कापसाच्या एका हंगामाचें कर्ज घराला हादरवितें, तेथें जमीन गहाण ठेवून घेतलेलें हें कर्ज काय करील तें सांगावयास नको. आणि जागांची संख्या स्थिर नसते. किंगफिशरचीं उड्डाणें २०१२ मध्यें थांबलीं, जेटचीं १७ एप्रिल २०१९ रोजीं, गो फर्स्टचीं मे २०२३ मध्यें. दर वेळीं हजारों तासांचा अनुभव असलेले वैमानिक नवशिक्यांच्या रांगेंत येऊन उभे राहिले. उलट २०२५ च्या अखेरीस विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणें लागू झाले आणि वैमानिक पुरेसे नसल्यामुळें देशांतील सर्वांत मोठ्या कंपनीला डिसेंबरांत हजारों उड्डाणें रद्द करावीं लागलीं. ज्या वर्षीं मुलगा शाळेंत जातो, त्या वर्षींची मागणी पाहून निर्णय घेणें म्हणजे पेरणीच्या वेळचा भाव धरून कापसाचा हिशेब मांडण्यासारखें आहे.

म्हणून पैसा आधीं कीं मुलाखत आधीं, हें पाहणें अगत्याचें आहे. कांहीं कंपन्या आतां उमेदवाराची निवड प्रथम करतात आणि मग त्याला ठराविक शाळेंत शिकावयास पाठवितात. खर्च तेथेंहि उमेदवाराचाच असतो, परंतु कंपनीनें त्याला पारखलेलें असतें, आणि शिक्षण यशस्वीपणें पुरें केल्यास नोकरीची वाट बरीच मोकळी होते. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी या सरकारी संस्थेंतहि प्रवेशापूर्वीं लेखी परीक्षा, कलचांचणी व मुलाखत होते. अशा ठिकाणीं नकार मिळाला तर दुःख होतें, पण शेत शाबूत राहतें. एकविसाव्या वर्षीं परवाना हातीं, कर्ज डोक्यावर, आणि मग पहिला नकार, याहून तें कितीतरी बरें. ज्या शाळा 'नोकरीची हमी' असें फलकावर लिहितात, त्यांना ती हमी कोणत्या कंपनीनें, कोणत्या कागदावर दिली आहे, एवढें विचारावें.

निवड झालेला उमेदवार सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावर बसतो. प्रथम शिक्षक-कप्तानाच्या देखरेखीखालीं पुष्कळ उड्डाणें करतो, आणि १५०० तास भरल्यावर व पुढच्या परीक्षा दिल्यावर वरच्या परवान्यास पात्र होतो. डावें आसन त्याहूनहि पुढें. दर सहा महिन्यांनीं त्याला सिम्युलेटरमध्यें बसवून इंजिनास आग लावतात, धुकें पाडतात आणि तो काय करतो तें पाहतात. निदान वर्षाला एकदां वैद्य तपासतो. आणि दिवसाचें पहिलें उड्डाण करण्यापूर्वीं, केस पिकलेला कप्तान असो कीं कालचा उमेदवार, त्याला एका नळींत फुंकर मारून आपण मद्य घेतलेलें नाहीं हें दाखवावें लागतें.