रोजची सुई आणि घरातील मौन
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा वाढीचा स्राव अपुरा पडला, म्हणजे मूल खुजे राहते. पूर्वी हे द्रव्य मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत. ते घेतलेल्या काहींना पुढे मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याचे उघड होताच १९८५ साली अमेरिकेत ते थांबविण्यात आले, आणि त्याच वर्षी जनुकतंत्राने बनविलेल्या द्रव्यास तेथे मान्यता मिळाली.

औषध निर्वेध झाले. परंतु ते घेण्याचे सातत्य प्रयोगशाळेत तयार होत नाही. बहुधा रोज रात्री कातडीखाली सुई टोचावयाची, तीही वर्षानुवर्षे! लहानपणी आई टोचते व मूल निमूटपणे सोसते. तेच मूल बारा-तेरा वर्षांचे झाले, की ‘आज राहू दे’ म्हणू लागते. एक सुई चुकली तर दुसऱ्या दिवशी काही बिघडलेले दिसत नाही, आणि उंची तर काही महिन्यांनीच मोजली जाते.

दोष केवळ मुलांचा आहे काय? पाहुणे आले म्हणजे औषध फ्रीजमध्ये भाजीमागे दडविणारी आणि लग्नघरी जाताना ते घरीच ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. उद्या सोयरीक जुळविताना कोणी बोट ठेवू नये, एवढाच त्यांचा हेतू. मूल मात्र यातून एकच धडा घेते, की ही गोष्ट लाजेची आहे. मग ते चुकविलेली सुईही लपविते. डॉक्टरांस मात्रा अपुरी वाटून ती वाढविली जाण्याचा संभव असतो. इकडे काळ थांबत नाही. वयात आल्यावर हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कूर्चास्तर मिटतो. त्यानंतर कितीही सुया घेतल्या तरी उंची वाढत नाही.

यास्तव आमची विनंती अशी: वेळ मुलास ठरवू द्यावी, टोचण्याची जागा बदलीत जावी, दिनदर्शिकेवर खूण करावी. सुई चुकली तर मुलास ते निर्भयपणे सांगता यावे; मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून दुप्पट मात्रा देऊ नये. आठवड्यातून एकदा घ्यावयाची औषधेही आता निघाली आहेत. त्यांविषयी विचारण्यास संकोच नसावा.

मूल किती उंच होईल, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. त्यास आपल्या घरात मान खाली घालावी लागू नये, एवढे मात्र आपल्या हाती खचित आहे.