भगंदराची जखम : शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

(गोव्यातील ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या परिचारिका व आरोग्यसेविका यांच्या उजळणी वर्गात एका शल्यचिकित्सकाने केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीमुळेच भगंदराचा रोगी वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतो आणि शस्त्रक्रिया झाल्यावरही मनातल्या शंका विचारीत नाही. वस्तुतः हा रोग नवा नाही, लाजिरवाणा तर नाहीच. सुश्रुताने भगंदराची गणना आठ महागदांत केली आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि जखम नीट भरून यावी म्हणून पुढे त्याला पुन्हा छेद सोसावे लागले. शस्त्रक्रियेनंतरची जखम राजालाही सवलत देत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

रोग्याच्या घरचे लोक आपणांस पहिला प्रश्न विचारतात तो असा : “डॉक्टरांनी टाके का घातले नाहीत?” त्याचे उत्तर आपणांस नीट देता आले पाहिजे. भगंदर म्हणजे गुदमार्ग आणि बाहेरील त्वचा यांना जोडणारी, आत पू साठविणारी नळी. सामान्यतः ही नळी उघडी करून जखम मुद्दाम उघडीच ठेवतात. ती तळापासून वर भरत यावी, हा त्यामागील हेतू. आपल्या खाजन शेतीचे उदाहरण घ्या. खेकड्याने बांधाला पाडलेले भोक वरवर चिखल लिंपून बुजत नाही. ते तळापर्यंत उकरून, चिखल दाबत दाबत वर यावे लागते. जखमेचेही तसेच आहे. वरची त्वचा आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर पुन्हा पू धरतो.

साध्या भगंदराची जखम भरण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. खोल जखमेस दोन-तीन महिनेही लागू शकतात. या काळात पिवळसर, किंचित रक्तमिश्रित स्राव येत राहतो. शौचाच्या वेळी रक्ताचे थोडे थेंब दिसतात. हे अपेक्षित आहे, असे रोग्यास आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो घाबरत नाही. स्रावासाठी गॉजची घडी किंवा बाजारात मिळणारा सॅनिटरी पॅड वापरावा. पुरुष रोग्यास याचा संकोच वाटतो. तो आपण सहजपणे दूर करावा.

आता शुश्रूषेकडे वळू. स्वच्छ घमेल्यात किंवा पसरट टबात कोमट पाणी घेऊन रोग्याने दिवसातून दोन-तीन वेळा, तसेच प्रत्येक शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाणी सोसेल इतकेच ऊन असावे. त्यात जंतुनाशक औषधे ओतण्याची आवश्यकता नाही. तीव्र औषधाने कोवळी त्वचा भाजते. नंतर मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. हळद, राख, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ड्रेसिंग बदलण्यापूर्वी अर्धा तास वेदनाशामक गोळी द्यावी व चिकटलेला गॉज पाण्याने भिजवून मगच काढावा. नवा गॉज सैल ठेवावा; बोळा कोंबून बसविल्यास वेदना वाढतात आणि जखम भरण्यास अडथळा येतो.

दुखेल या भीतीने रोगी शौचास जाणे टाळतो. मग मळ कठीण होतो आणि भीती खरी ठरते. म्हणून दिवसभरात भरपूर पाणी, आहारात नाचणी, तांबडी भाजी, पपई, कडधान्ये आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल द्यावे. “केवळ पेज द्या” हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला, तरी पेजेत चोथा फारसा नसतो. कुंथू नये; शौचास आल्यावर थांबू नये. थोडे चालणे हितकर. जड ओझे उचलणे, दीर्घकाळ बसणे व दुचाकीचा प्रवास काही काळ वर्ज्य.

काही रोग्यांच्या जखमेत धागा ठेवलेला असतो. तो ओढू वा कापू नये. आयुर्वेदातील क्षारसूत्र ठरावीक अंतराने बदलावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने बरे होण्यास सुमारे आठ आठवडे, तर शस्त्रक्रियेने चार आठवडे लागले. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ व ११ टक्के होते. धाग्याचा रोगी कंटाळून फेऱ्या चुकवू लागला, तर त्याला ही गोष्ट अवश्य सांगावी.

माझ्या पाहण्यातील एका बसचालकाची हकीकत सांगतो. तिसऱ्या आठवड्यात वरून जखम बुजलेली पाहून तो कामावर रुजू झाला आणि तपासणीस आला नाही. दोन महिन्यांनी तो ताप व गळू घेऊन परतला; वरची त्वचा जुळली होती, आत पोकळी तशीच होती. तो म्हणाला, “कोणाला दाखवायची लाज वाटली.” त्याला धीर देणारे कोणी घरी गेले असते, तर दुसरी शस्त्रक्रिया कदाचित टळली असती.

म्हणून पुढील लक्षणे आढळताच रोग्यास रुग्णालयात पाठवावे : ताप, कमी झालेली वेदना पुन्हा वाढणे, दुर्गंधीयुक्त पू, घडी भिजवून टाकणारा रक्तस्राव, लघवी न होणे, मळ वा वायू यांवरील ताबा सुटणे, आणि जखम वरून अवेळी मिटणे. मधुमेह्याची रक्तशर्करा तपासावी. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा तपासणीस पाठविला असल्यास त्याचा अहवाल आणला की नाही, हे विचारावे. न भरणाऱ्या जखमेच्या मुळाशी कधी क्षयरोग असतो.

भगिनींनो, शल्यचिकित्सकाचे काम अर्ध्या-एक तासाचे; पुढील कित्येक आठवडे आपल्या हाती असतात. रोगी आपण होऊन बोलणार नाही. आपणच दार लावून घेऊन, शांतपणे विचारावे : “जखम कशी आहे? पाहू द्या.” या एका वाक्याने पुष्कळ रोग्यांची दुसरी शस्त्रक्रिया टळू शकेल, असा माझा विश्वास आहे.