अपघातानंतरचे मन

मोटारीचा अपघात घडला म्हणजे त्याचा रीतसर पंचनामा होतो. रस्त्यावरील चाकांच्या खुणा मोजल्या जातात, फुटलेल्या काचांची नोंद होते, जखमींचे हातपाय तपासले जातात. पुढे विमा कंपनीचा माणूस येतो आणि वाहनाच्या नुकसानीचा अंदाज करून जातो. या सर्व कागदपत्रांत एका हानीला मात्र रकाना नसतो. ती हानी मनाची. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींपैकी, आणि अंगावर ओरखडाही न उठता वाचलेल्यांपैकीही, पुष्कळांचा अपघात त्या दिवशी संपत नाही.

ही गोष्ट नवी नव्हे. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे आगगाडी रुळांवरून घसरली. तीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होता. तो स्वतः बचावला आणि जखमींच्या शुश्रूषेत राबला. परंतु पुढे प्रवासात, शहरातल्या साध्या घोडागाडीतसुद्धा, त्याला एकाएकी धडकी भरे. त्या काळचे काही वैद्य असल्या तक्रारींचे मूळ पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यात शोधीत. आघातोत्तर तणावविकार या निदानाला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते १९८० साली.

या विकाराची लक्षणे ओळखण्यासारखी आहेत. ब्रेकचा कर्कश आवाज किंवा पेट्रोलचा वास आला, की तो क्षण आठवतो असे नव्हे, तर पुन्हा घडतो. झोप तुटते, स्वप्ने पडतात, किरकोळ आवाजाने माणूस दचकतो. तो रस्ता टाळू लागतो, मग मोटार टाळतो, आणि शेवटी घराबाहेर पडणेच टाळतो. ज्याच्या हाती चाक होते त्याच्या वाट्याला याखेरीज अपराधाची टोचणीही येते. पहिल्या काही आठवड्यांत यांतले पुष्कळसे स्वाभाविक असते आणि बहुतेकांचे मन आपोआप सावरते. महिना उलटूनही त्रास ओसरला नाही व नित्याचे जीवन अडू लागले, तर मात्र तज्ज्ञाकडे जावे.

येथे दोन समजुती दूर केल्या पाहिजेत. ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगून कोणी विसरत नाही. उलट आपले दुःख घरच्यांना नकोसे झाले आहे, एवढेच त्याला कळते. दुसरी समजूत याच्या अगदी उलट टोकाची आहे. अपघात होताच माणसाला बसवून सारी हकीकत वदवून घेतली, की मन मोकळे होते, असे पूर्वी जाणकारांनाही वाटे. अनुभवान्ती ते हितकर ठरले नाही. प्रारंभी माणसाला सुरक्षितता, विश्रांती, आप्तांची सोबत आणि त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारा कोणी हवा असतो.

समुपदेशकाचे खरे काम त्यानंतरचे. भय टाळण्याने वाढते, हे त्याच्या उपचाराचे सूत्र. म्हणून तो आधी त्या प्रसंगाकडे रुग्णाच्या सोबतीने, त्याला झेपेल त्या गतीने पाहतो. ‘माझ्याचमुळे झाले’ यासारखे विचार तपासून घेतो. मग पायऱ्या ठरतात. प्रथम उभ्या मोटारीत नुसते बसायचे, नंतर आपल्या गल्लीत एक फेरी, पुढे शेजारच्या आसनावरून मोठ्या रस्त्यावर, आणि अखेरीस त्याच वळणावरून. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि थांबून राहिले असता उतरते, हा अनुभव शरीराला येतो. उपदेशाने जे साधत नाही ते या अनुभवाने साधते.

ज्याची भाकरीच ट्रकच्या वा टॅक्सीच्या चाकावर अवलंबून आहे, त्याला हा उपचार म्हणजे चैन नव्हे. तो न मिळाल्यास असा माणूस रोजगार तरी सोडतो, नाहीतर रात्री झोप यावी म्हणून बाटलीचा आश्रय घेतो. तज्ज्ञ मोठ्या शहरांतच आढळतात ही अडचण खरी आहे. तथापि २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय सेवेमुळे १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळू लागला, हे मोठेच साहाय्य आहे.

मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालताना कोणी लाजत नाही. अपघातातून परतलेल्या माणसाला जखम कितपत भरली हे आपण विचारतोच. त्याबरोबर झोप लागते का, एवढेही विचारावे. पुष्कळदा उपचाराची सुरुवात त्या प्रश्नापासूनच होते.