रेव्हरंड टिळकांचे कागद आणि आपले
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी संगणकाच्या क्षेत्रातली. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्या पिढीला परकी नाही. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या कागदांचं पुढे काय झालं, ते सांगायला मी उभी आहे.

टिळक आपल्या कोकणातले. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायचा आग्रह केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते धर्मोपदेशक झाले आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं.

ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. या बाईंचं शाळेत रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. जोडाक्षरं लिहिताना त्या अडखळत. मुलाने, देवदत्तने, वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं आणि आईला म्हटलं, तुला आठवतं ते लिहून दे. त्या आठवणींचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ पासून तिचे भाग येऊ लागले. पुढे नातू अशोक टिळक यांनी तिची टिपांसह आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे तीन पिढ्या राबल्या, तेव्हा टिळक आपल्यापर्यंत पोचले. कागद आपोआप टिकत नाहीत, कुणीतरी ते टिकवावे लागतात.

‘ज्ञानोदय’चीच आणखी एक गोष्ट. १८५५ साली, टिळकांच्या जन्माच्याही आधी, या पत्रात मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. पुण्यात फुल्यांच्या शाळेत ती शिकत होती. आपल्या लोकांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं होतं. विचार करा, शाळेतल्या मुलीचा निबंध! संपादकाने तो छापला, कुणीतरी ते अंक जपले, म्हणून आज तिचं नाव घेता येतं. चवदार तळ्याच्या तालुक्यात बसून हे ऐकताना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे बघू. जवळच शिवथरघळ आहे. समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे इथेही लिहून ठेवणारा हात होताच. पण जुलै २०२१ मध्ये तळीयेत दरड कोसळली, महाडात पाणी घराघरांत शिरलं. माणसं गेली, त्या दुःखापुढे कागदांचं काय! तरीही दाखले, फोटो, आजोबांची पत्रं चिखलात गेली की त्या माणसांची शेवटची खूणही जाते.

म्हणून माझ्या धंद्यातल्या चार गोष्टी सांगते. जुनी पत्रं, शाळेची हस्तलिखितं, वर्गाचे फोटो दिवसाउजेडी मोबाईलवर नीट सपाट ठेवून टिपा. सावली पडू देऊ नका. फाईलला साल आणि नाव द्या, नाहीतर हजार फोटोंत काही सापडत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर, मुंबई-पुण्यातल्या भावंडाकडे. पूर आला तर तीच उरेल. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आता उघडला तर अगम्य अक्षरं दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, मी मदत करीन.

आणि सर्वांत आधी, आई-वडिलांजवळ बसा. फोटोतली माणसं कोण, हे त्यांनाच ठाऊक आहे. फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या. देवदत्तने आईला विचारलं, म्हणून मराठीला ‘स्मृतिचित्रे’ मिळाली. आपण विचारायला उशीर करू नये.

गुरुजनहो, तुमच्या जुन्या वह्या, टाचणं घरी असतील तर रद्दीत देऊ नका. आम्हाला द्या. आम्ही येऊन घेऊन जाऊ.